८५ हजारांचं ब्रँडिंग घ्यावं का? आधी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावा

प्रश्न थोडक्यात असा. कराडजवळच्या एका गावातल्या ताई तीन वर्षांपासून घरी कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट, चटण्या असे चौदा पदार्थ करून विकतात. महिन्याला साधारण ४० हजारांची विक्री होते, बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर. मसाला कुटतानाच्या त्यांच्या एका रीलला ८० हजार व्ह्यूज मिळाले आणि ऑर्डरी आल्या चार. आता एका एजन्सीने लोगो, पाकिटाचं डिझाइन आणि सहा महिने सोशल मीडिया सांभाळणं, या सगळ्याचे मिळून ८५ हजार सांगितलेत. कर्ज काढून हे करून घ्यावं का, आणि ब्रँडचं नाव काय ठेवावं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, उत्तर आधीच देऊन टाकतो. कर्ज काढून तर नकोच, आणि गाठीशी पैसे असले तरी आत्ता नको. एजन्सी लुबाडतेय असं मी म्हणत नाही. एवढ्या कामाला एवढे पैसे शहरात कुणीही मागेल. पण ते काम म्हणजे तुमच्या आत्ताच्या दुखण्यावरचं औषध नव्हे.

तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य येऊन गेलंय: "एकदा घेतात, छान आहे म्हणतात, पण परत मागवणारे कमीच." माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. मसाला काही वाढदिवसाच्या केकसारखा वर्षातून एकदा लागत नाही, रोज दोन वेळा लागतो. आवडला तर माणूस परत यायलाच हवा. येत नसेल तर तीनपैकी काहीतरी झालेलं असतं. एक, आवडला नाही, पण तोंडावर कोण सांगणार. दोन, आवडला, पण कसा आणि किती वापरायचा ते जमलं नाही. तीन, आवडला, संपला, पुन्हा मागवायचा म्हटलं तर तुमचा नंबर सापडेना, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून जो मिळाला तो आणला. लोगो कितीही सुरेख केला तरी या तिन्हींतलं एकही दुरुस्त होत नाही. उलट एजन्सीने काम चोख केलं तर आणखी हजार माणसं एकेकदा घेतील आणि तशीच जातील.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुमचा मसाला मी चाखलेला नाही. हाताखाली किती जणी आहेत, दिवसाला किती किलो भाजून होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. शिवाय तुम्हाला घर सांभाळून महिन्याला लाखभराची विक्री हवी आहे की गाळा घेऊन, बायका कामाला ठेवून मोठा कारखाना करायचा आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. मी पहिला पर्याय धरून लिहितोय. दुसरा असेल तरी सुरुवातीचं काम हेच करावं लागेल.

आता तुम्हीच दिलेले आकडे मांडू. पाव किलोचं पाकीट १३० रुपयांना. जिन्नस आणि कांडप मिळून किलोला ३३० रुपये, म्हणजे पाकिटामागे साडेब्याऐंशी. पाऊच आणि स्टिकरचे ८ रुपये. हातात राहिले साडेएकोणचाळीस रुपये. यात तुमची मजुरी नाही, गॅस नाही, रिक्षाभाडं नाही. सगळी विक्री याच पाकिटांची धरली तर ४० हजारांत सुमारे ३०० पाकिटं जातात. एजन्सीचे ८५ हजार वसूल व्हायला २,१५० पाकिटं विकावी लागतील, म्हणजे आत्ताच्या वेगाने सात महिन्यांची अख्खी कमाई. या सात महिन्यांत घरात एक रुपया जायचा नाही. कर्जाचं व्याज वेगळंच.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. पुण्यातल्या एका दुकानदाराने २५ टक्के मार्जिन मागितलं आणि तुम्ही "ब्रँड नाही म्हणून तो भाव देत नाही" असं लिहिलंय. दुकानदाराचा यात काही दोष नाही. जागेचं भाडं त्याला भरायचंय, न खपलेला माल त्याच्याच फळीवर पडून राहणार आहे. १३० वर २५ टक्के म्हणजे साडेबत्तीस. तुमच्या हातात उरतात सात रुपये, तेही उधारीवर. सध्याच्या किमतीला दुकानं तुमच्यासाठी नाहीतच. निदान यंदा तो नाद सोडा.

किमतीचा विचार मात्र जरूर करा. १३० चं पाकीट १५० ला केलंत तर पाकिटामागे साठेक रुपये सुटतात. मग आजच्याइतकेच पैसे २०० पाकिटांत मिळतात, म्हणजे एक तृतीयांश गिऱ्हाइकं सोडून गेली तरी तुमचं नुकसान शून्य, वर शंभर पाकिटांची मेहनत वाचली. घरून व्यवसाय करणाऱ्या बायका किंमत वाढवायला फार घाबरतात, हे मी कायम बघतो. ओळखीच्या लोकांकडून जास्त पैसे कसे घ्यायचे, असा संकोच असतो. पण वाढ करायची ती नवं लेबल आल्यावर, एकदाच, आणि जुन्या गिऱ्हाइकांना आधी कळवून करा. दर महिन्याला पाच-पाच रुपये चढवणं लोकांना जास्त टोचतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, ज्याला एक पैसाही लागत नाही. वहीतून किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून एकदाच घेऊन परत न आलेली वीस-पंचवीस नावं काढा आणि त्यांना फोन करा. मेसेज नको, फोनच करा. आणि "मसाला कसा वाटला?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "छान होता हो" हेच येणार, कारण आपली माणसं भिडेची आहेत. त्याऐवजी विचारा: पाकीट संपलं का अजून आहे? शेवटचं कुठल्या भाजीत घातलं? किती चमचे घालता? घरात कुणी नको म्हणालं का? सध्या कुठला मसाला वापरताय? पाकीट अजून अर्धं आहे असं ज्या सांगतील, त्यांचं बोलणं सगळ्यात नीट लिहून घ्या. त्या जे सांगतील ते कुठली एजन्सी तुम्हाला शोधून देणार नाही.

माझा एक अंदाज आहे, तपासून बघा. तुमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतं. तुम्हाला ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगावंसंही वाटत नाही. पण जी बाई आजवर साधं लाल तिखट आणि गोडा मसाला वापरत आली, ती काय करते? तिखटाच्या अंदाजाने मसाला घालते आणि नेहमीइतकं मीठही टाकते. आमटी खारट होते, पोरं ताट बाजूला सारतात, आणि पाकीट फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात जातं. ती बाई तुम्हाला फोनवर "छान होता" म्हणणार आणि पुन्हा कधीच मागवणार नाही. तुमचे चार फोन असे निघाले तर पाकिटावर पुढच्या बाजूला, ठळक अक्षरांत दोन ओळी छापा: "या मसाल्यात मीठ आहे. आधी मसाला घाला, मग चव बघून मीठ घाला." त्याखाली चार माणसांच्या रश्श्याला किती चमचे, ते तुमच्या चमच्याच्या मापाने. लोगो अर्धा इंच लहान झाला तरी चालेल, पण या ओळींना जागा हवी.

जळगावकडच्या एका बचत गटाच्या खानदेशी काळ्या मसाल्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मुंबईच्या प्रदर्शनात माल हातोहात जायचा, वास घेऊनच लोक घ्यायचे, पण पुढे शांतता. फोन केले तेव्हा कळलं, मुंबईच्या घरांत तो कशात घालायचा हेच माहीत नव्हतं. एकीने पोह्यांत घालून बघितला होता! आम्ही पाकिटात शेवभाजीची कृती लिहिलेली एक छोटी चिठ्ठी टाकली, बाकी काही बदललं नाही. पुढे फोनवर लोक म्हणायला लागले, "तो शेवभाजीचा मसाला पाठवा ना." त्या मसाल्याला बाजारात ओळख मिळाली ती अशी, वापरणाऱ्यांच्या तोंडून. ब्रँड म्हणतात त्यातलं निम्मं काम एवढंच असतं. माणसाला तुमची वस्तू काय म्हणून मागायची ते सुचलं पाहिजे आणि मागितल्यावर ती मिळाली पाहिजे.

चौदा पदार्थांचं काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: तीन ठेवा. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, आणि सोबतीला मेतकूट. चटण्या लवकर खवट होतात, जागा खातात, आणि एकेक किलोच्या घाण्यात दर वेळी चव बदलते. चव बदलली की परत येणारं गिऱ्हाईक तुटतं. तीनच पदार्थ केलेत तर प्रत्येक जिन्नस काट्यावर तोलून, मीठसुद्धा, वहीत लिहून करता येतील. प्रत्येक घाण्याला बॅच नंबर द्या आणि त्यातला थोडा मसाला नंबर लिहून बंद बरणीत ठेवा. कुणी "या वेळी रंग कमी आहे" म्हणालं तर बरणी उघडून बघता येतं. मिरची दर हंगामात वेगळी येते. बेडगी रंग देते, तिखटपणा दुसऱ्या मिरचीतून येतो, आणि दोन्हींचं प्रमाण दर वर्षी थोडं जुळवून घ्यावं लागतं. आधीच्या बॅचची बरणी समोर असेल तरच ते जमतं. आणि पाकिटावर "बेडगी मिरची" छापणार असाल तर आत बेडगीच हवी. त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मिरचीसाठीच राखलेलं आहे.

लिज्जतचं उदाहरण लोक प्रेरणेसाठी देतात, मी ते कामासाठी देतो. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं की एकच प्रत करा आणि तिच्यात तडजोड करू नका. 'लिज्जत' हे नाव आलं १९६२ मध्ये, तेही सभासदांमध्ये नावांची स्पर्धा घेऊन, पाच रुपये बक्षीस ठेवून. म्हणजे धंदा सुरू झाल्यावर तीन वर्षांनी. तुम्ही नावासाठी चार महिने अडून बसला आहात, म्हणून सांगतोय.

तरी नाव हवंच, कारण नावाशिवाय लेबल होणार नाही. तुम्ही तीन दिलीत: 'आईची चव', 'गावरान तडका' आणि सासूबाईंच्या नावावरून एक. पहिली दोन सोडून द्या. 'घरगुती', 'गावरान', 'आईच्या हातचं' हे शब्द प्रत्येक पाकिटावर आहेत. उद्या शेजारच्या गावात कुणी तेच नाव लावलं तर तुम्ही त्यांना थांबवू शकणार नाही, कारण वस्तूचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दांवर ट्रेडमार्क मिळणं कठीण असतं. सासूबाईंचं नाव जुन्या वळणाचं आहे, आज फारसं कानावर पडत नाही, आणि हीच त्याची जमेची बाजू. पक्कं करण्यापूर्वी दोन परीक्षा घ्या. ओळखीच्या पाच जणांना फोनवर नाव सांगा आणि ते मराठीत व इंग्रजीत लिहून पाठवायला सांगा. पाच जणांनी पाच स्पेलिंगं पाठवली तर इन्स्टाग्रामवर तुम्ही कुणाला सापडणार नाही. मग ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ३० मध्ये ते नाव आणि त्याच्यासारखी ऐकू येणारी नावं शोधा. मसाले याच वर्गात येतात. शोध फुकट आहे. वैयक्तिक अर्जाची ऑनलाइन सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. वकील किंवा एजंट त्यावर आपले पैसे घेतो. अर्ज केल्यावर नावापुढे छोटं टीएम लावता येतं. वर्तुळातला आर मात्र नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय लावू नका. हे ४,५०० रुपये मी लोगोच्या आधी खर्च करीन.

लेबलवर यायलाच हवं ते आता भराभर सांगतो, कारण हे शोभेसाठी नाही, कायद्याने लागतं: पदार्थाचं नाव, प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने घटक, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, प्रति ग्रॅम किंमत (१५० ला पाव किलो म्हणजे ६० पैसे), पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन व ईमेल, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी नंबर. मेतकुटात गहू असतो, तो अ‍ॅलर्जीच्या सूचनेत वेगळा लिहावा लागतो. घरून करता म्हणून अन्न नोंदणी लागत नाही, हा गैरसमज आहे. नोंदणी नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती करा. छोट्या उद्योगाची फी नाममात्र असते.

पाकिटाबद्दल जरा रेंगाळतो, कारण हे माझं रोजचं काम. छापील पाऊच आत्ता करू नका. त्याला छपाईचे सिलिंडर करावे लागतात, त्यांचा खर्च वेगळा, आणि प्रेसवाला हजारोंच्या खाली ऑर्डर घेत नाही. किंमत बदलली, पत्ता बदलला की सगळे पाऊच रद्दीत. त्याऐवजी साधा स्टँडी, म्हणजे तळावर उभा राहणारा पाऊच घ्या आणि त्यावर स्टिकर लावा. कांदा-लसूण मसाल्याला तेल सुटतं. भरताना हाताला लागलेलं तेल कागदी स्टिकरवर गेलं की तो पारदर्शक होतो आणि अक्षरं मळकट दिसतात. म्हणून प्लास्टिकचा किंवा लॅमिनेशन केलेला स्टिकर मागा, किमतीत थोडाच फरक पडेल. मसाला दिसावा म्हणून पारदर्शक खिडकीचा पाऊच घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण उजेडाने मिरचीचा लाल रंग उडतो. दोन महिन्यांत खिडकीतला मसाला विटकरी दिसायला लागतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं माल जुना आहे. आतून चांदीसारखा फॉइलचा पाऊच घ्या, वासही टिकतो. रंग दाखवायचा असेल तर स्टिकरवर चांगला फोटो छापा, आणि तो फोटो मसाल्याचा न घेता तर्री आलेल्या रश्श्याच्या वाटीचा घ्या.

इथवर खर्च बघा: ट्रेडमार्कचा अर्ज, स्थानिक डिझायनरकडून तीन लेबलं, पहिल्या लॉटचे स्टिकर आणि पाऊच. कराड-साताऱ्याकडे हे सगळं पंचवीस-तीस हजारांत बसायला हरकत नाही. डिझायनर आणि प्रेसचा दर गावागणिक बदलतो, तेव्हा तीन ठिकाणी विचारा.

आता परत मागवण्याची वाट सोपी करू. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट तुम्ही वापरता, पण एक गोष्ट लक्षात घ्या: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांना काहीच दिसत नाही, आणि तुम्हाला वाटतं लोक दुर्लक्ष करतात. म्हणून प्रत्येक पार्सलबरोबर आपलं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवा आणि लिहा: "नंबर सेव्ह केलात तरच पुढच्या घाण्याची तारीख कळेल." पाकिटाच्या मागेही नंबर मोठ्या आकड्यांत हवा. संपत आलेलं पाकीट हातात असताना बाईला पुन्हा मागवायची आठवण होते, तेव्हा नंबर त्याच पाकिटावर दिसला पाहिजे. क्यूआर कोड जरूर द्या, पण आकडे काढून टाकू नका. वहीत प्रत्येकीच्या नावापुढे तारीख आणि वजन लिहीत गेलात की कुणाला पाव किलो किती दिवस पुरतं ते तीन-चार ऑर्डरींत कळतं. संपायच्या आठवडाभर आधी तिला एकटीला मेसेज करा, नावाने. रोजच्या सुप्रभातच्या फुलांनी लोक नंबर म्यूट करतात.

गिऱ्हाईक कुठे शोधायचं? तुमच्या रीलला ८० हजार लोकांनी बघितलं, त्यात नागपूरपासून दुबईपर्यंत सगळे असतील. मसाला कुटताना बघायला सगळ्यांना आवडतं, घेणारे वेगळे असतात. तुमचा मसाला न शिकवता वापरता येईल अशी माणसं म्हणजे नोकरीसाठी पुणे, पिंपरी, ठाणे, नवी मुंबईला गेलेली सातारा-सांगली-कोल्हापूरची कुटुंबं. त्यांना किती चमचे हे सांगावं लागत नाही. आत्ता त्यांचा मसाला गावाकडून आईच्या पिशवीतून येतो, आणि आई थकली की तो बंद होतो. तुमची जागा तिथे आहे. तुमच्या गावातली, नात्यातली अशी घरं मोजा. एका सोसायटीतली एक ओळखीची बाई पकडा. तिने दहा किलोची ऑर्डर गोळा केली तर तिचा एक किलो फुकट. दहा किलोचं एकच पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीने जातं आणि कुरियरचा खर्च वाचतो. पाव किलोच्या एकट्या पाकिटाला कुरियर लावलं तर तुमचे साठ रुपये तिथेच संपतात. कुरियरची ऑर्डर किलोच्या खाली घेऊच नका.

याच माणसांसाठी उन्हाळ्यात वर्षाचा मसाला काढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी मिरची बाजारात येते, एप्रिल-मेमध्ये कांडप केंद्रांवर रांगा लागतात, आणि शहरातल्या बाईला ना वाळवायला गच्ची असते ना वेळ. मार्चमध्ये जाहीर करा: वर्षाचा मसाला, पाच किलोपासून पुढे, मध्यम किंवा झणझणीत, पावसाआधी घरपोच. किलोमागे एक ठरावीक रक्कम आगाऊ घ्या. मिरची विकत घेतल्याशिवाय किलोचा भाव मात्र सांगू नका. मिरचीचे दर एका हंगामात कुठल्या कुठे जातात, आणि फेब्रुवारीत तोंडातून गेलेला भाव मे महिन्यात पाळायचा म्हणजे घरचे पैसे घालावे लागतात. आगाऊ रकमेतून मिरची येते आणि कर्जाची गरज उरत नाही. माझ्या बघण्यात, घरगुती मसालेवाल्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा याच दोन-तीन महिन्यांत येतो, आणि तरीही निम्म्या जणी उन्हाळाभर पाव-पाव किलोच्याच मागे असतात.

प्रदर्शनांचं थोडक्यात. पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईचं महालक्ष्मी सरस ही चांगली ठिकाणं आहेत. बचत गटात असाल तर सरसची चौकशी 'उमेद'च्या, म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या, तालुका कार्यालयात करा. पण तिथे जाताना विक्रीपेक्षा नंबर गोळा करायला जा, आणि चवीला मसाला बोटावर देऊ नका. तेलात कालवून भाकरीच्या तुकड्यावर द्या.

इन्स्टाग्राम बंद करा असं मी म्हणत नाही. आठवड्याला एक व्हिडिओ पुरे, फोनवर काढलेला, खिडकीच्या उजेडात. विषय एकच ठेवा: या मसाल्याची आज कुठली भाजी केली, किती चमचे घातले. पैसे देऊन जाहिरात करायची वेळ तेव्हा येईल जेव्हा वहीत दिसेल की नव्या दहा जणींपैकी निदान चार-पाच परत येतात. तोवर जाहिरातीचा रुपया वाया जातो. पुढे केलीत तरी ती फक्त पुणे-ठाण्यापुरती आणि उन्हाळ्याच्या तोंडावर करा.

आणि डिझायनरला काम देताना, किंवा वर्षभराने त्याच एजन्सीकडे गेलात तरी, चार गोष्टी आधी लिहून घ्या. लेबलची मूळ फाईल, कोरल किंवा इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली, तुम्हाला मिळाली पाहिजे. नुसत्या जेपीजीवर पुढचा प्रेसवाला काहीच करू शकत नाही आणि एक अंक बदलायला पुन्हा त्याच माणसाच्या दारात जावं लागतं. पूर्ण पैसे दिल्यावर डिझाइनची मालकी तुमची, हे कागदावर हवं. छपाईला जाण्यापूर्वी मराठी मजकूर कागदावर काढून दोघांनी वाचा, कारण फाईल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेली की जोडाक्षरं तुटतात आणि 'मिश्रण'चं भलतंच काही छापून येतं. आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, सगळी खाती तुमच्या नंबरवर आणि तुमच्या ईमेलवर उघडा. एजन्सीला काम करण्यापुरता प्रवेश द्या, पासवर्ड देऊ नका. करार संपल्यावर इन्स्टाग्राम-फेसबुकचं पेजच परत मिळालं नाही, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, आणि तेव्हा फारसं काही करता येत नाही.